सेंटरफायर पिस्तूल घेण्याआधी काडतूस बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या क्रीडा पुरवणीतला नेमबाजीवरचा लेख वाचला. पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने पदक मिळवल्यापासून आमच्या भागातली पोरे रेंजची वाट धरू लागली आहेत, त्यामुळे असा लेख हवाच होता. एअर पिस्तुलाबद्दलची माहिती नेटकी आहे. पण शेवटी सेंटरफायर पिस्तुलाचा विषय चार ओळींत उरकताना लेखकाने सल्ला दिला आहे की, नामवंत खेळाडू जे वापरतात तेच घ्यावे, म्हणजे पुढे बदलावे लागत नाही. उदाहरण म्हणून राही सरनोबत हिचे नाव घेतले आहे. या सल्ल्याच्या भरवशावर एखादा बाप उद्या कर्ज काढेल, म्हणून हे पत्र.

आधी उदाहरणाबद्दल. राहीने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले ते 25 मीटर पिस्तूल प्रकारात. ते पिस्तूल .22 चे (नळीचा व्यास इंचात) असते, म्हणजे रिमफायर: पिनचा ठोका काडतुसाच्या बुडाच्या कडेवर बसतो; सेंटरफायरमध्ये तो बुडाच्या मधोमध बसतो. सेंटरफायर हा पुरुषांचा वेगळा प्रकार आहे. सामना खेळायची रीत दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे बाहेरच्या माणसाचा गोंधळ होतो. पण पिस्तूल वेगळे, काडतूस वेगळे, खर्च वेगळा आणि मनगटाला बसणारा झटकाही वेगळा.

मी लष्करात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची दुरुस्ती-देखभाल करणारा होतो. निवृत्तीनंतर साताऱ्यात स्थायिक झालो आणि आता आसपासच्या नेमबाजांची पिस्तुले तपासणे, ग्रिप बसवून देणे, ट्रिगरचे वजन जुळवून देणे एवढेच करतो. विकत काही नाही. त्यामुळे अमुक कंपनीचे घ्या म्हणण्यात माझा फायदा नाही, आणि घेऊ नका म्हणण्यातही नाही.

सेंटरफायरचा सामना साठ गोळ्यांचा. पहिल्या तीस प्रिसिजनच्या: पाच-पाच गोळ्यांच्या सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीला पाच मिनिटे. पुढच्या तीस रॅपिडच्या. त्यात हात खाली 45 अंशांवर ठेवून उभे राहायचे, टार्गेट 3 सेकंद समोर येते, तेवढ्यात हात उचलून एकच गोळी मारायची, मग 7 सेकंद थांबायचे, की पुन्हा टार्गेट. प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ 50 मिलिमीटरचे, रॅपिडच्या टार्गेटवर 100 मिलिमीटरचे. नियमाप्रमाणे कॅलिबर, म्हणजे नळीचा व्यास, 7.62 ते 9.65 मिलिमीटरच्या दरम्यान हवे. ट्रिगर ओढायला लागणारे वजन किमान 1000 ग्रॅम, पिस्तुलाचे वजन रिकाम्या मॅगझीनसह जास्तीत जास्त 1400 ग्रॅम, बॅरल 153 मिलिमीटरपेक्षा लांब नको, नेम धरायच्या पुढच्या-मागच्या साइटमधले अंतर 220 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि अख्खे पिस्तूल 300 बाय 150 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे.

हे आकडे पाठ असले तरी पिस्तूल निवडता येत नाही. कारण आपल्याकडे निवड सुरू होते ती काडतुसापासून, आणि लेखात नेमके तेच राहून गेले आहे.

परदेशात जुने नेमबाज .38 स्पेशलवरही हा सामना खेळत. आपल्याकडे .38 आणि 9 एमएम हे प्रतिबंधित बोअर, सामान्य लायसन्सवर मिळत नाहीत. राहिले .32. (गोळी मोठी म्हणजे वर्तुळाची रेघ लवकर शिवणार, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. .32 असो की .38, सेंटरफायरचे गुण 9.65 मिलिमीटरच्या एकाच गेजने, म्हणजे भोकात घालायच्या मापाने मोजतात.) आणि .32 म्हटले की बहुतेक लोक फसतात, कारण या एका नावाखाली बाजारात दोन निरनिराळी काडतुसे आहेत. एक .32 एसीपी, ज्याला 7.65 ब्राउनिंग म्हणतात. ते कमरेला लावायच्या पिस्तुलांचे, पुंगळी (गोळी आणि दारू धरणारे धातूचे नळकांडे) 17 मिलिमीटरची. दुसरे .32 एस अँड डब्ल्यू लाँग. हे मूळचे रिव्हॉल्व्हरचे, बुडाला रिम, म्हणजे बाहेर आलेली कड असलेले, पुंगळी तेवीस मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त. मॅचची पिस्तुले या दुसऱ्या काडतुसाची असतात. एकाचे काडतूस दुसऱ्यात चालत नाही.

कराडकडचा एक तरुण मुलगा वडिलांना घेऊन माझ्याकडे आला होता. .22 मध्ये चांगला हात बसलेला पोरगा, लायसन्सही रीतसर टार्गेट प्रॅक्टिससाठी काढलेले. एका विक्रेत्याने त्याला 'हे .32 आहे, सेंटरफायरच आहे, नियमात बसते' असे सांगून .32 एसीपीचे पिस्तूल दिले होते. विक्रेत्याचे शब्द खोटे नव्हते, कॅलिबर खरोखरच नियमात बसते. पण त्या पिस्तुलाची साइट पक्की बसवलेली, वरखाली किंवा डावीउजवीकडे सरकत नाही. ट्रिगर दोन-अडीच किलोचा आणि ओढताना मधेच अडखळणारा. मूठ अशी की शेवटचे बोट खाली लोंबकळते. 25 मीटरवर सँडबॅगला टेकवून मारल्या तरी पाच गोळ्या ताटलीएवढ्या जागेत पसरत. वडिलांनी विचारले, 'काही करून सुधारेल का?' मी नाही म्हणालो. वडील बराच वेळ ते पिस्तूल हातात धरून बसले होते. उसाच्या बिलाचा पैसा त्यात गेला होता. लेख छापताना अशा वाचकाचा विचार व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता .32 लाँगमध्येही पुढे एक गाठ आहे. मॅचच्या पिस्तुलाला वॉडकटर काडतूस लागते. म्हणजे शिशाची सपाट तोंडाची गोळी पूर्ण पुंगळीच्या आत बसवलेली असते, तोंडाशी काहीही बाहेर येत नाही. 98 ते 100 ग्रेनची, म्हणजे सहा-साडेसहा ग्रॅमची गोळी, वेग बेताचा, कागदावर गोल स्वच्छ भोक पाडते. लापुआ, फिओकी वगैरे कंपन्यांची ही काडतुसे बाहेरून येतात. आपल्या खडकीच्या कारखान्यातली जी .32 काडतुसे दुकानात सहज मिळतात ती रिव्हॉल्व्हरसाठी केलेली, गोल नाकाच्या गोळीची. त्यांची एकूण लांबी बत्तीस मिलिमीटरच्या आसपास जाते. पार्डिनी एचपी असो की वॉल्थर जीएसपी, त्यांचे मॅगझीन सपाट वॉडकटरच्या मापाने केलेले असते. खडकीचे काडतूस त्यात मावतच नाही. म्हणजे लाखांचे पिस्तूल कपाटात आहे, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात .32 ची काडतुसे आहेत, आणि तरीही सराव बंद, हे चित्र मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे.

म्हणून माझ्याकडे कोणी सल्ला विचारायला आले की मी पिस्तुलाचे नाव ऐकण्याआधी विचारतो: वर्षभराचे वॉडकटर कुठून आणणार? रायफल असोसिएशनकडून मिळणार असेल तर किती आणि कधी? लायसन्सवर काडतुसांची मर्यादा किती लिहिली आहे? याचे उत्तर पक्के नसेल तर पिस्तूल कितीही नामांकित असले तरी ते घेण्याची वेळ आलेली नाही.

काडतुसाचे जमले की मग हात. इथे मात्र मी वेळ घालवतो आणि समोरच्यालाही घालवायला लावतो. मॅच पिस्तुलाची लाकडी ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते, डाव्या-उजव्या हाताची वेगळी. पण कारखान्यातून आलेली ग्रिप कोणाच्याही हाताला जशीच्या तशी बसत नाही. मुलाला मी डोळे मिटायला सांगतो. हात खाली, मग उचलून टार्गेटकडे, मग डोळे उघड. फ्रंट साइट मागच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. ती दर वेळी एकाच बाजूला दिसत असेल तर ग्रिप त्या हाताची नाही, आणि रॅपिडच्या 3 सेकंदांत ती चूक मनगटाने सुधारायला वेळ मिळत नाही. मग कानशीने लाकूड घासायचे, जिथे पोकळी आहे तिथे एम-सील लावायचे, वर पातळ प्लास्टिक गुंडाळून हातात घट्ट धरून ठेवायचे, सुकले की पुन्हा घासायचे. थोडे घासा, गोळ्या मारा, पुन्हा थोडे घासा. एका बैठकीत हे काम होत नाही, आणि ज्याला ते एका बैठकीत हवे असते त्याचे लाकूड वाया जाते. नियमाचेही भान हवे: तळहाताखालचा टेका काटकोनापेक्षा वर चढलेला नको, आणि ग्रिप मनगटावर चढता कामा नये, मनगट मोकळे दिसले पाहिजे.

याच कारणाने, ज्या मुलाचे .22 चे स्टँडर्ड पिस्तूल आधीच हाताशी जुळले आहे, त्याने सेंटरफायर शक्यतो त्याच कंपनीचे घ्यावे. पार्डिनीचे एसपी हे .22 चे आणि एचपी हे .32 चे, दोघांचा मुठीचा कोन सारखा. वॉल्थरच्या जीएसपीत तर एकाच फ्रेमवर .22 आणि .32 दोन्हीचे भाग बदलून बसवता येतात. पैसे कमी आणि हाताची सवय एक. मात्र बदलीचा जादा भाग घेतला तर त्याचीही नोंद लायसन्सवर करून घ्या, कायद्याने बॅरल हा शस्त्राचाच भाग आहे. लेखात म्हटल्याप्रमाणे एखाद्या विश्वविजेत्याकडे वेगळेच पिस्तूल असेल, तर असू दे. त्याच्या हाताचा पंजा तुमच्या मुलाचा नाही.

ट्रिगरबद्दल थोडक्यात सांगतो. सामन्याआधी तपासणीत बॅरल सरळ वर धरून ट्रिगरला 1000 ग्रॅमचे वजन लटकवतात आणि ते उचलले गेले पाहिजे. पुष्कळ जण ट्रिगर अगदी काठावर, 1000 ला टेकवून ठेवतात. तसे करू नये. थंडीत, धूळ बसल्यावर, स्प्रिंग मुरल्यावर वजन इकडेतिकडे होते आणि सामन्याच्या सकाळी पोराची धांदल उडते. मी तीस-चाळीस ग्रॅम वर ठेवतो. त्याने गुण कमी झालेले मी पाहिले नाहीत. दोन टप्प्यांचा ट्रिगर घ्यावा. पहिला टप्पा हात वर येता येता घेतला जातो, आणि साइट काळ्या गोलाखाली स्थिर होते तेव्हा फक्त थोडासा दाब बाकी राहतो. हा सराव घरी भिंतीसमोर, पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, बिनगोळीचा करता येतो आणि करावाच. आयात काडतूस महाग आहे, भिंत फुकट आहे.

आपल्याकडे नवे मॅच पिस्तूल थेट बाहेरून मागवण्याची सोय ठरावीक गुण गाठलेल्या, 'रिनाउंड शॉट' दर्जा मिळालेल्या नेमबाजांना असते. बाकीच्यांच्या हाती बहुधा जुनेच पिस्तूल येते. जुने घेण्यात काही कमीपणा नाही, चांगले ठेवलेले पिस्तूल दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडेही उत्तम चालते. पण घेताना विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा पुंगळ्या बघा. विकणाऱ्याला रेंजवर न्या, त्याच्याच समोर पाच-पाचच्या काही फेऱ्या मारा आणि बाहेर पडलेल्या पुंगळ्या वेचून उजेडात धरा. फायरिंग पिनची खूण कॅपच्या (पुंगळीच्या बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीच्या) मधोमध आणि प्रत्येक पुंगळीवर सारखी खोल हवी. एका बाजूला सरकलेली किंवा एकीवर खोल, एकीवर उथळ असेल तर पिन किंवा तिची स्प्रिंग गेली. रिमवर ओरबाडा असेल तर एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणारा आकडा झिजला. पुंगळ्या एका ठिकाणी पडायला हव्यात. एक पायाशी, एक चार फुटांवर असे होत असेल तर रिकॉइल स्प्रिंग त्या काडतुसाला जुळत नाही. स्प्रिंग बदलता येते, त्यावरून व्यवहार मोडू नका, पण किंमत कमी करून घ्या. मग बॅरल काढून आतून बघा. मऊ शिशाचा थर बसतो, तो साफ होतो. नळीच्या तोंडाला आतल्या कडेवर खवलेले असेल, किंवा मधेच अंगठीसारखी फुगवट दिसली, तर मात्र नमस्कार करून परत या. चांगले पिस्तूल आणि जुळलेले काडतूस सँडबॅगवरून 25 मीटरवर पाच गोळ्या 25 मिलिमीटरच्या आत ठेवते. त्यापेक्षा जास्त पसरले तर आधी दुसऱ्या कंपनीचे काडतूस मारून बघा.

मॅगझीनबद्दल एक गोष्ट राहू नये. हे काडतूस रिमचे, त्यामुळे भरताना वरच्याची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे आली पाहिजे. उलटे भरले की दोन रिम एकमेकींत अडकतात आणि तिसऱ्या गोळीला पिस्तूल जाम. पिस्तूल अडले तर त्या टप्प्यात एकदा सवलत मिळते, दर वेळी नाही. जुन्या पिस्तुलासोबत किमान दोन मॅगझीन मागा, आणि त्यांचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकलेले नाहीत ना ते बघा.

आता शेवटचा, पण पालकांनी पैसे खर्चण्याआधी वाचावा असा भाग. सेंटरफायर ऑलिम्पिकमध्ये नाही. या प्रकाराने भारताला मोठे दिवस दाखवले आहेत. 1990 मध्ये ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईचे अशोक पंडित यांनी सेंटरफायरचे सुवर्ण आणले. 1994 मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत अठरा वर्षांच्या जसपाल राणाने सुवर्ण जिंकले, आणि 2006 मध्ये दोह्यात त्यानेच 590 गुण मारून विश्वविक्रमाशी बरोबरी केली. 2010 मध्ये दिल्लीत हरप्रीत सिंगने राष्ट्रकुलचे सुवर्ण घेतले. पण त्यानंतर राष्ट्रकुलमधून हा प्रकार गेला, आणि 2014 च्या इंचिऑननंतर आशियाई स्पर्धेतूनही गेला. जागतिक अजिंक्यपद आणि आपली राष्ट्रीय स्पर्धा यांत तो आहे, लष्कर आणि पोलिसांचे नेमबाज त्यात हिरिरीने उतरतात. मला स्वतःला हा प्रकार सगळ्यांत आवडतो. संथ आणि वेगवान अशी दोन्ही कसब एकाच दुपारी एकाच हाताने दाखवावी लागतात, आणि झटक्याला न घाबरणारा माणूसच रॅपिडच्या शेवटच्या फेरीत उभा राहतो. तरीही सतरा वर्षांच्या मुलाचे ध्येय ऑलिम्पिक असेल तर त्याच्या बापाचा पहिला पैसा एअर पिस्तुलात आणि .22 मध्ये गेला पाहिजे. लायसन्सला तसेही एकवीस वर्षे पूर्ण लागतात. .22 वर प्रिसिजन आणि रॅपिड दोन्ही टप्प्यांत गुण स्थिरावले नाहीत तोवर .32 हातात घेतल्याने झटक्याची भीती बसते. ट्रिगर ओढण्याआधीच डोळा मिटायची खोड लागते आणि ती काढायला फार काळ जातो.

मग शिकायचे कसे, हा प्रश्न उरतोच. माझे म्हणणे आहे की प्रत्येक मुलाने स्वतःचे सेंटरफायर घेण्याची गरजच पडू नये. बालेवाडी, वरळी अशा मोठ्या रेंजेसवर, आणि जमेल तिथे जिल्ह्याच्या रेंजवरही, असोसिएशनच्या नावावर दोन-तीन .32 मॅच पिस्तुले वेगवेगळ्या मापांच्या ग्रिपसह ठेवावीत, देखरेखीला एक माणूस नेमावा, आणि ज्याचे .22 चे गुण ठरावीक पातळीला पोहोचले त्याला ती वापरायला द्यावीत. वर्ष-सहा महिने मारून ज्याला हा प्रकार मानवला त्यानेच पुढे स्वतःचे घ्यावे.

दुसरी विनंती खडकीच्या कारखान्याकडे. म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचे मुख्यालय पुण्यातच आहे. .32 लाँगची पुंगळी, कॅप, शिसे, सगळे खडकीला वर्षानुवर्षे बनते. मॅच दर्जाचे वॉडकटर, एका लॉटमध्ये सारख्या वेगाचे, नेमबाजांना नियमित आणि परवडणाऱ्या दरात मिळाले, तर लायसन्सवर पिस्तूल असूनही बसून राहिलेली कितीतरी पोरे पुन्हा रेंजवर येतील. पहिला लॉट तयार होईल तेव्हा चाचणीला माणसे लागतील. साताऱ्यातून मी आणि माझ्या ओळखीचे दोन-तीन जुने आर्मरर स्वतःच्या खर्चाने खडकीला यायला तयार आहोत. आपण हे पत्र छापावे आणि ही विनंती संबंधितांपर्यंत पोहोचवावी.

कळावे.

आपला,
एक निवृत्त आर्मरर, सातारा